आई, पोरं आणि भाड्याची गाडी: सीमेवर मुक्काम ठेवून युरोपातले चार देश कसे फिरायचे

आमच्याकडे कुणी युरोपला जाऊन आलं म्हटलं की बहुतेक टूरच्या बसनेच, दहा दिवसात सात देश, रोज सकाळी बॅगा बांधा, रोज रात्री नवीन हॉटेल, आणि आल्यावर आठ दिवस घरात झोपून. आम्ही पाच जण होतो, मी, बायको, चौदा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांची आई जिचे गुडघे दुखतात आणि जी अंडंसुद्धा खात नाही. आईला घेऊन बसच्या मागे पळणं शक्य नव्हतं म्हणून आम्ही गाडी भाड्याने घेतली आणि मीच चालवली. आल्यापासून खानापूर, निपाणी, चंदगड सगळीकडचे पाव्हणे फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी मुक्कामाचं ठरवा, बाकी नंतर. आपण सीमाभागातली माणसं, सकाळी बेळगावातून निघून शिनोळीच्या पुढे चंदगडकडे लग्नाला जातो, जेवतो, संध्याकाळी घरी येतो, राज्य बदललं म्हणून कुणी तिकडे लॉज बघत नाही. युरोपात पण हेच करायचं. देशाच्या राजधानीत मुक्काम करायचा नाही, सीमेवरच्या गावात करायचा आणि दिवसा शेजारच्या देशात जाऊन रात्री परत यायचं. आम्ही दोनच ठिकाणी राहिलो, दोन्ही जर्मनीत. ट्रियरला चार रात्री, तिथून लक्झेंबर्ग ५० किलोमीटर म्हणजे आपलं बेळगाव ते संकेश्वर. मग आखेनला चार रात्री, तिथून बेल्जियम आणि नेदरलँड्स दोन्ही अक्षरशः गावाला लागून. जाताना एक आणि येताना एक रात्र फ्रँकफर्टजवळ. दहा रात्रीत बॅगा चारदा उघडल्या फक्त, आईला आपली खोली, आपला कट्टा, आपला गॅस ओळखीचा झाला, आणि तिचे पाय दुखले त्या दिवशी ती घरी थांबली, आमचा प्लॅन मोडला नाही.

ह्या रूटचा अजून एक मोठा फायदा म्हणजे जर्मनी, लक्झेंबर्ग, बेल्जियम, नेदरलँड्स ह्या चारही देशात एक-दोन बोगदे सोडले तर मोटरवेवर साध्या कारला टोलही नाही आणि काचेवर लावायच्या पासाचं स्टिकरही नाही. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाकडे गेलात तर ते वेगळं प्रकरण आहे. स्वित्झर्लंडचा पास वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँक, एक दिवस जा नाहीतर महिनाभर. ऑस्ट्रियाला १ दिवसाचा, १० दिवसांचा असे पास आहेत पण ब्रेनर घाटाचे पैसे त्यात येत नाहीत, ते वेगळे. इटली-फ्रान्समध्ये आपल्यासारखे टोलनाके. आणि इटलीच्या जुन्या शहरात कॅमेऱ्याने राखलेले झोन असतात, परवानगीशिवाय आत गेलं की दंड घरपोच. आल्प्स सुंदर आहेत ह्यात वादच नाही, पण घाट, बोगदे, उलट्या बाजूचं स्टिअरिंग आणि मागे आई हे सगळं पहिल्याच वेळी नको असं माझं स्पष्ट मत आहे, एकदा हात बसला की पुढच्या वेळी जा.

आता कागदपत्रं. व्हिसा एकच, शेंगेन, चारही देशांना तोच चालतो, आणि तो ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा. आमच्या सगळ्या रात्री जर्मनीत म्हणून जर्मनीकडे, काही गोंधळ नाही. रात्री सारख्या वाटल्या जात असतील तर ज्या देशात पहिल्यांदा शिरणार त्याच्याकडे. फी मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षं पूर्ण ते १२ च्या आत ४५ युरो, सहाच्या आतल्या पोरांना माफ, वर अर्ज घेणाऱ्या सेंटरचा सर्व्हिस चार्ज. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी द्यावा लागतो, पण आपल्याकडे एप्रिल-मेच्या सुट्टीला सगळ्यांचीच गर्दी, अपॉइंटमेंटच मिळत नाही, त्यामुळे जानेवारीतच लागा. आम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघालो आणि सकाळी बेंगळुरूत उतरून बोटांचे ठसे देऊन आलो. ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात.

आपल्या भागातल्या लोकांनी एक लक्षात ठेवा, आपले बरेच कागद कन्नडमध्ये असतात. शेतीचा उतारा, ग्रामपंचायतीचा दाखला, जुनं लग्नाचं सर्टिफिकेट, हे सगळं इंग्रजीत भाषांतर करून नोटरी करून घ्या. ऊस लावणाऱ्यांचं उत्पन्न शेतीचं असतं, सॅलरी स्लिप नसते, म्हणून घाबरायचं काही नाही, उतारा, कारखान्याच्या बिलाच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि रिटर्न भरत असाल तर ते, नीट लावून द्या. खात्यात आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नका, ते दिसतं. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने तिकीट काढा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा पाहिजे, दोन पानं कोरी पाहिजेत. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो, पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर तेवढ्यावर भागवू नका, बीपी-शुगर आधीपासून आहे ते लपवू नका, पॉलिसीत त्याचं काय लिहिलंय ते वाचूनच घ्या. तिथे शिरताना आम्हाला शिक्का मारला होता, ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी फोटो आणि ठसे घ्यायची नवीन पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे एअरपोर्टवर वेळ धरून चाला.

गाडीसाठी आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट लागतं. ते आपल्याच आरटीओत मिळतं, लायसन्स ज्या आरटीओचं तिथे, म्हणजे बेळगाव नाहीतर चिकोडी. फी हजार रुपये, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट दाखवायचं, मुदत एक वर्ष. हे परमिट एकटं चालत नाही, मूळ लायसन्स पण खिशात पाहिजे. बायकोचं पण काढून ठेवा आणि गाडीच्या बुकिंगमध्ये दुसरा ड्रायव्हर म्हणून नाव घाला, थोडे पैसे जातात पण मला एक दिवस ताप आला तेव्हा तिनेच गाडी आणली.

गाडी घेताना ऑटोमॅटिक मागा, मुद्दाम मागा, नाहीतर गिअरची मिळते आणि गिअर उजव्या हाताला. आपण डावीकडे चालवणारी माणसं, तिथे सगळं उजवीकडून, त्यात डोकं गिअरमध्ये अडकायला नको. इंडिकेटरची दांडी पण डाव्या हाताला असते, सवयीने उजवी दांडी ओढली की वायपर फिरायला लागतो. पाच माणसं म्हणून सेव्हन-सीटर घ्यायचा मोह होतो, पण मागची सीट उघडली तर बॅगा ठेवायला जागाच नाही, बंद ठेवली तर ठीक. आम्ही लांब डिकीची स्टेशन वॅगन घेतली. मुलगा १२ च्या आतला आणि १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीचा असेल तर जर्मनीत चाइल्ड सीट सक्तीची आहे, मांडीवर घेऊन बसणं हा प्रकार तिथे नाही. क्रेडिट कार्ड मेन ड्रायव्हरच्याच नावाचं पाहिजे, त्याच्यावर डिपॉझिट अडकवतात, लिमिट बघून जा. आणि कुठल्या कुठल्या देशात गाडी नेणार ते बुकिंगच्या वेळीच सांगा.

फुल इन्शुरन्स घ्या. आणि गाडी ताब्यात घेतली की निघायच्या आधी चारी बाजू, चारी चाकं, काच, छत, आतल्या सीटा सगळ्याचा सावकाश व्हिडिओ काढा. आम्ही गाडी परत दिल्यावर तीन आठवड्यांनी चाकाच्या रिमवर ओरखडा आहे म्हणून बिल आलं, तो ओरखडा आम्ही घेतली तेव्हापासूनच होता. व्हिडिओ पाठवला, बिल मागे घेतलं. व्हिडिओ नसता तर पैसे गेले असते.

उतरल्याबरोबर गाडी चालवू नका. उन्हाळ्यात आपली वेळ तिकडच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, रात्रभर विमानात झोप नाही, त्यात नवीन बाजू. आम्ही मुद्दाम शनिवारी पोचलो, झोपलो, आणि रविवारी सकाळी गाडी घेतली. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकना बंदी असते, रस्ते मोकळे मिळतात, नवख्या माणसाला ह्याच्यासारखी सोय नाही. फक्त रविवारी दुकानं जवळजवळ सगळी बंद, म्हणून दूध, ब्रेड, भाजी शनिवारीच घ्या. आधी पार्किंगमध्ये दहा मिनिटं फिरवा. वळताना तोंडाने बोला, उजवीकडे वळण छोटं, डावीकडे वळण मोठं. बायको प्रत्येक चौकात "उजवी बाजू, उजवी बाजू" म्हणायची आणि दोन दिवसांनी मला त्याची गरज राहिली नाही, पण पेट्रोल पंपातून बाहेर पडताना आणि सकाळी रिकाम्या रस्त्यावर सवय परत उलटी होते, तिथे जास्त लक्ष द्या.

ऑटोबानबद्दल लोक विचारतात की लिमिट नाही म्हणे. काही भागात नाही, पण १३० चा सल्ला दिलेला आहे आणि आपण उजवी लेन धरून १२० ने गेलं तरी कुणी काही म्हणत नाही. डावी लेन फक्त ओव्हरटेक करायला, झालं की लगेच उजवीकडे. उजवीकडून ओव्हरटेक नाही म्हणजे नाहीच. हायवेवर ट्रॅफिक थांबलं की सगळ्यात डाव्या लेनमधल्या गाड्या डावीकडे सरकतात, बाकीच्या उजवीकडे, मधे ॲम्ब्युलन्ससाठी वाट राहते, आवाज येईपर्यंत थांबायचं नाही, गाड्या थांबायला लागल्या की लगेच सरकायचं. हे बघून मला फार बरं वाटलं, आपल्याकडे पण व्हायला पाहिजे. बाकी नेदरलँड्सला मोटरवेवर बहुतेक ठिकाणी दिवसा १००, बेल्जियमला १२०, आणि बेल्जियमच्या गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर डच बोलणाऱ्या भागात ७० तर फ्रेंच बोलणाऱ्या भागात ९०. एकाच देशात भाषा बदलली की लिमिट बदलते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम ज्याची आपल्याला अजिबात सवय नाही तो म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चौकात बोर्ड नसेल, सिग्नल नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणारा, मग ती सायकल का असेना, तिचा हक्क पहिला. पिवळा चौकोन टोकावर उभा केल्यासारखा बोर्ड दिसला की आपला रस्ता मोठा, आपण जायचं. रस्त्यावर पांढरे त्रिकोण दातासारखे आपल्याकडे तोंड करून रंगवलेले असतील तर आपण थांबायचं. नेदरलँड्समध्ये सायकलींचा मार्ग वेगळा असतो, गाडीचा दरवाजा उघडताना पोरांना मागे बघायला शिकवा. हॉर्न दहा दिवसात एकदाही वाजवला नाही.

आणि बोर्डावरची गावांची नावं! हे आपल्या माणसाला सांगितलं की लगेच कळतं, बेळगाव आणि बेळगावी, हुबळी आणि हुब्बळ्ळी बघतच आपण मोठे झालो. आखेनहून बेल्जियमकडे निघालं की जर्मन बोर्ड म्हणतो ल्युटिख, डच भागातला बोर्ड म्हणतो लाउक, आणि पोचलात की गाव निघतं लिएज. तिन्ही एकच. आखेनलाच डच लोक आकेन म्हणतात आणि फ्रेंच एक्स-ला-शापेल. मॅप लावलेला असला तरी निघायच्या आधी त्या दिवसाच्या गावांची दोन-तीन नावं वहीत लिहून ठेवा, मुलीने ते काम घेतलं होतं आणि एक्झिट एकदाही चुकला नाही.

ट्रियरहून पहिल्या दिवशी लक्झेंबर्गला निघालो, साउर नदीवरचा पूल ओलांडला आणि मी म्हटलं झालं, आलो दुसऱ्या देशात. आई मागे वळून बघत राहिली, "काय गा हे, गेट न्हाई, पोलीस न्हाई, कोगनोळीला तरी नाका असतोय की." पण नाका कधीही लागू शकतो. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली, आम्हाला परत येताना एकदा थांबवून पाचही पासपोर्ट बघितले. पासपोर्ट खोलीत ठेवून जाऊ नका, शेजारच्या गावात आइस्क्रीम खायला जायचं असलं तरी नाही.

लक्झेंबर्गमध्ये दोन लाखांवर लोक रोज शेजारच्या देशातून कामाला येतात, जसे आपल्याकडे चंदगडचे लोक बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावात, त्यामुळे सकाळी नऊच्या आत तो रस्ता धरू नका. शहराच्या बाहेर पार्किंगमध्ये गाडी लावा आणि पुढे बस-ट्रामने जा. २०२० पासून त्या देशात बस, ट्राम, ट्रेन सगळं फुकट आहे, पाहुण्यांना पण, तिकीट काढायचंच नाही. दुकानातली बाई एकाशी फ्रेंच, दुसऱ्याशी जर्मन, तिसऱ्याशी त्यांची स्वतःची लक्झेंबर्गिश बोलत होती, आमच्या गणपत गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी चालतं तसंच. पेट्रोल तिथे जर्मनीपेक्षा स्वस्त, सरकारनेच कमाल दर ठरवलेला असतो, परत येताना टाकी भरून घ्या. पंपावर आपणच भरायचं, ई-१० लिहिलेलं साधं पेट्रोल, गाडीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचून मगच नळी लावा.

त्याच भागात शेंगेन गाव आहे, मोझेल नदीच्या काठावरचं, द्राक्षमळ्यांचं छोटंसं खेडं. १४ जून १९८५ ला पाच देशांनी तिथे नदीतल्या बोटीवर करार केला, सीमेवरची तपासणी हळूहळू काढायची म्हणून. लक्झेंबर्ग, जर्मनी, फ्रान्स तिथेच एकत्र येतात. अर्ध्या दिवसाचं काम, पण आपण जाच, व्हिसावर जे नाव छापलंय ते गाव पोरांनी डोळ्याने बघितलं पाहिजे. ट्रियरमध्येच रोमन लोकांचा काळा दगडी दरवाजा आहे, पोर्टा निग्रा, सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा, आईला तो फार आवडला.

आखेनचं चर्च १९७८ च्या युनेस्कोच्या अगदी पहिल्या यादीतलं. कोलोनला ट्रेनने गेलो, साधारण तासाभराचा प्रवास, मोठ्या शहरात गाडी नेऊन पार्किंग शोधण्यात अर्थ नाही. ब्रुसेल्स, अँटवर्प ह्या शहरात परदेशी नंबरच्या गाडीला धुराच्या नियमासाठी आधी नोंदणी करावी लागते, न्यायचीच असेल तर ती करून जा. आम्ही ती सोडली आणि त्याऐवजी व्हाल्सला गेलो, तिथे टेकडीवर तीन देशांचे कोपरे मिळतात. नेदरलँड्सची युरोपातली सगळ्यात उंच जागा म्हणे, ३२२ मीटर, आपलं बेळगाव शहरच साडेसातशे मीटरवर आहे. पोरं दगडाभोवती पळत देश मोजत होती आणि आई एका बाकावर बसून नुसती बघत होती.

एकच दिवस लांब गेलो, बार्लेला, जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास. बेल्जियमच्या जमिनीचे २२ तुकडे तिथे नेदरलँड्सच्या आत विखुरलेले आहेत, आणि त्या तुकड्यांच्या आत परत नेदरलँड्सचे तुकडे. सीमा फुटपाथवरून, दुकानातून, घराच्या मधून जाते, जमिनीवर पांढऱ्या फुल्या काढून दोन्ही बाजूला देशाची अक्षरं. घर कुठल्या देशाचं हे पुढचा दरवाजा कुठे उघडतो त्यावर ठरतं. सीमेच्या नावाने लहानपणापासून जे ऐकत आलो, बघत आलो ते सगळं मनात आलं आणि मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. माझ्या मते आपल्या भागातल्या माणसाने आयफेल टॉवर राहिला तरी चालेल, बार्ले बघावं.

खाण्याचं. किचन असलेलं घरच घ्या, हॉटेल नको. आणि वाईट वाटेल पण कुंदा नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये बॅगेतून न्यायला बंदी आहे, कुंदा, पेढा, तूप, पनीर सगळं त्यात आलं, सापडलं तर काढून टाकतात आणि दंड होऊ शकतो. ताज्या भाज्या-फळं पण सर्टिफिकेटशिवाय नाही, म्हणजे कडीपत्ता आणि ओल्या मिरच्या घरीच ठेवा. आम्ही शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, पोहे, मुगाची डाळ, गोडा मसाला आणि जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या नेल्या. कडक भाकरीसारखं प्रवासाचं अन्न नाही, दही तिथे चांगलं मिळतं, दही-चटणी-भाकरी, गाडी बाजूला लावून बाकावर बसून जेवायचं. तांदूळ, कांदे, बटाटे, दूध कुठल्याही सुपरमार्केटात.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बेल्जियममध्ये बटाट्याच्या फ्राईज बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, ती त्यांची जुनी पद्धत आहे. बटाटा आहे म्हणून आईला दिलं आणि मग कळलं असं होऊ देऊ नका, तेल कुठलं ते आधी विचारा. वॉफलमध्ये अंडं असतंच.

जर्मनीत हायवेवरच्या टॉयलेटला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात, एक युरोची नाणी हाताशी ठेवा, आणि पाण्याची रिकामी बाटली पण. दर दोन तासांनी थांबा, आईने सांगितलं नाही तरी थांबा, मोठी माणसं त्रास होतोय म्हणून सांगत नाहीत. बॅगा गाडीत दिसतील अशा ठेवून फिरायला जाऊ नका. जर्मनीतल्या गावात निळ्या बोर्डावर घड्याळाचं चित्र असेल तर काचेमागे पार्किंगची निळी चकती ठेवायची आणि काटा पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा, दहा वाजून पाच मिनिटांनी आलात तर साडेदहावर. सिम कुठल्याही एका युरोपियन युनियनच्या देशाचं घेतलं की बाकीच्या तीन देशात चालतं. इमर्जन्सीला सगळीकडे ११२.

गाडी परत द्यायच्या दिवशी एअरपोर्टच्या अलीकडे टाकी फुल करा, पावती ठेवा, परत एकदा व्हिडिओ काढा, आणि ऑफिस उघडं असेल अशा वेळीच द्या म्हणजे माणसाकडून गाडी ठीक आहे असं लिहून घेता येतं. घरी आल्यावर दोन-तीन महिने क्रेडिट कार्डाचे मेसेज आणि ईमेल बघत राहा, स्पीडचा दंड असेल तर तो आधी गाडीच्या कंपनीकडे जातो, ते आपलं नाव-पत्ता कळवायची फी कापतात आणि दंडाचं पत्र वेगळं घरी येतं. पत्ता बुकिंगमध्ये नीट पिनकोडसह लिहिलेला असू द्या.